सासूबाई म्हणतात, "परत मातीत कशाला?"

मागच्या अंकात मी आमच्या घराबद्दल लिहिलं होतं. म्हणजे आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई असे पुण्यातून उठून भोर तालुक्यात गावी आलो आणि स्वतःच मातीचं घर बांधतोय, छप्पर-भिंती झाल्यात, आतलं काम चालू आहे वगैरे. त्यावर भरपूर पत्रं आली. बऱ्याच जणांनी खर्च किती आणि माती कुठली एवढंच विचारलंय, पण दोन पत्रं अशी होती की मी ती रात्री घरात सगळ्यांना वाचून दाखवली. तीच आधी घेते, आणि उत्तरं लांबली तर लांबू देत.

प्रश्न : ताई, आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. मिस्टर नोकरी सोडून गावी मातीचं घर बांधायचं म्हणतायत, माझीही तयारी आहे. मुलं तिसरीत आणि सहावीत. पण सासूबाई म्हणतात, मातीच्या घरातून बाहेर पडायला आम्ही जन्म घालवला, आता परत मातीत कशाला? त्यांना कसं समजवायचं? आणि घर होईपर्यंत राहायचं कुठे?
— एक वाचक, ठाणे

ताई, समजवायला जाऊच नका, आधी त्यांच्याजवळ बसून नीट ऐका. त्या घरात तुम्ही राहिलेल्या नाही, त्या राहिल्यात. दर आठवड्याला शेण कालवून कोण सारवत होतं, श्रावणात ओल भिंतीत किती वर चढायची, विंचू कुठल्या फटीतून यायचा, कौलं कधी शाकारायची, वाळवी आधी कुठल्या खांबाला लागली, हे सगळं त्यांना तोंडपाठ असणार. ते एका वहीत लिहून काढा. कुठल्याही आर्किटेक्टकडे जायच्या आधी ही वही तयार पाहिजे, कारण त्यातल्या जवळपास प्रत्येक तक्रारीला कारण आहे आणि कारण आहे म्हणजे उपाय आहे. ओल चढायची कारण जोतं बुटकं होतं, तर तुम्ही दोन फुटांचं जोतं घ्या. विंचू-उंदीर यायचे कारण भिंत आणि वासे यांच्यामधली जागा उघडी असायची, ती बंद करा. वाळवीसाठी लाकडाला काजूच्या सालीचं तेल लावा, कोकणात ते मिळतं, फक्त हातमोजे घालून, कातडी भाजते त्यानं.

आणि सारवणाचं काय, तर हा खरा प्रश्न आहे आणि मातीच्या घराचे गोडवे गाणारे लोक नेमका तोच टाळतात. सारवण आजवर बायकांनीच केलंय. मग नवीन घरात ते कोण करणार हे घर बांधायच्या आधी मिस्टरांशी स्पष्ट बोलून घ्या, किंवा सरळ जमिनीला शहाबादी फरशी घाला. आमच्याकडे शहाबादीच आहे आणि त्यामुळे घराचं मातीपण काही कमी झालेलं नाही. मोरी, संडास आणि ओट्यामागची भिंत चिऱ्याची किंवा विटेची करा, सिमेंट वापरा, अजिबात वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याकडे तर दाराशी जांभा आहे. जोतं आणि बाहेरच्या भिंती जांभ्याच्या, आतल्या भिंती मातीच्या किंवा कुडाच्या (म्हणजे कारवीच्या काड्या विणून त्यावर माती लिंपलेल्या), वर कौलं, हे संगमेश्वरच्या पावसाला मला जास्त योग्य वाटतं. आर्किटेक्ट लॉरी बेकरना गांधीजींनी सांगितलं होतं म्हणतात की घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं. तुमच्या पाच मैलांत जांभा बसतो, मग तोच घ्या ना.

सासूबाईंच्या बोलण्यात अजून एक गोष्ट आहे, ती त्या कदाचित बोलणार नाहीत. गावात मातीची भिंत म्हणजे गरिबी. घरकुलाच्या सर्व्हेत मातीच्या भिंतीचं घर 'कच्चं' म्हणून मोजलं जातं, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतही मातीच्या घराचा वर्ग वेगळा आणि खालचा. ज्या बाईनं स्लॅबचं घर व्हावं म्हणून काटकसर केली तिचा मुलगा मुंबईची नोकरी सोडून परत माती तुडवणार, हे शेजारणींना काय सांगायचं त्यांनी? हे दुःख खरं आहे, त्याला हसू नका, त्यावर लेक्चर देऊ नका.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. माझ्या सासूबाई सुरुवातीला कामाच्या जागेवर येतच नव्हत्या. एका सकाळी आम्ही ताडपत्रीवर माती, वाळू आणि भाताचा पेंढा तुडवत होतो, चौघंही गुडघ्यापर्यंत भरलेलो, त्या चहा घेऊन आल्या आणि किटली खाली ठेवून त्यांनी वाकून मूठभर चिखल उचलला. दाबला, अंगठ्यानं फोडला, वासही घेतला. म्हणाल्या, "वाळू कमी पडलीय, भिंत तडकंल. आणि पेंडा एवढा लांब नको, कोयत्यानं तोडा." नंतरचा प्रत्येक कालवा त्यांनी हात लावून पास केल्याशिवाय भिंतीवर चढला नाही. गिलाव्याला कुठली माती, शेण किती, कालवा किती दिवस कुजवायचा हे सगळं त्यांनी ठरवलं आणि गावातल्या दोन म्हाताऱ्या मैत्रिणींनाही बोलावून आणलं. तुमच्याकडे असंच होईल असं नाही, पण त्यांच्याकडे असलेलं ज्ञान आता शहरात वर्कशॉपची फी भरून शिकतात लोक, हे त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे.

आता राहायचं कुठे. गावात भाड्यानं खोली मिळाली तर उत्तमच. जागेवरच राहायचं असेल तर पत्र्याची शेड दिवाळीनंतर लगेच उभी करा, वीज आणि पाणी आधी. माती कालवायला पाणी प्रचंड लागतं आणि कामाचा खरा जोर येतो मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे नेमकी विहिरीनं तळ गाठायची वेळ, त्यामुळे टाकीची सोय हवी. मुलांसाठी एक गोष्ट कळकळीनं सांगते, खाली जमिनीवर झोपवू नका. पेंढ्याच्या गंजीत उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. मण्यार रात्री फिरते, अंथरुणात शिरते आणि चावलेलं बऱ्याचदा दुखतही नाही, कळतही नाही. खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली. जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे हे राहायला जायच्या आधी विचारून ठेवा, आणि वेळ आली तर १०८ला फोन करून थेट तिथेच जायचं, दुसरीकडे कुठेही नाही.

शाळेचं म्हणाल तर जूनला गावच्या शाळेत घाला, मधेच वर्ष मोडू नका. आणि दोघांनी एकदम नोकरी सोडू नका. घराला दोन हंगाम धरा, एका हंगामात होईल म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, तेवढा काळ घरात एक पगार किंवा दोन वर्षांचा खर्च बाजूला पाहिजे. मातीच्या भिंती स्वस्त पडतात हे खरंय पण भिंती म्हणजे घराच्या एकूण खर्चातला लहान भाग, पाया, छप्पर, दारं-खिडक्या, प्लंबिंग, वायरिंग सगळं बाजारभावानंच होतं. पैशावरून घरात भांडणं होतात ती इथेच.

प्रश्न : मी औसा तालुक्यातला. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दहा वर्षांचा होतो. मातीच्या घरांनी माणसं गाडली हे डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही लोकांना परत मातीची घरं बांधायला सांगता याचा राग येतो, स्पष्ट लिहितो.
— एक वाचक, जि. लातूर

दादा, राग अगदी बरोबर आहे आणि पत्र पाठवलंत म्हणून आभार. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या जरासं आधी, विसर्जन करून दमून झोपलेली गावं. त्यावर मी वरवरचं काही लिहिणार नाही.

तिथल्या घरांच्या भिंती दगडाच्या होत्या, दोन-तीन फूट आणि त्याहून जाड, दोन्ही बाजूंना दगड आणि मधे भर, जोडायला मातीचा गारा. आरपार जाणारा दगड बहुतेक ठिकाणी नव्हता, त्यामुळे हादऱ्यानं भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, आणि गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर मातीचा थर, असं वर्षानुवर्षं ओझं साठत गेलेलं. ते ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. म्हणजे मातीचा दोष होताच, गारा धरून ठेवू शकला नाही आणि छप्पर भयंकर जड होतं. पण ज्या घरांत माळवद लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर होतं, तिथे भिंती ढासळूनही बऱ्याच ठिकाणी सांगाडा आणि छप्पर उभं राहिलं, हेही तुम्ही पाहिलं असेल.

म्हणून मी ज्या घराबद्दल लिहिते त्यात मातीचं छप्पर नाही. हलकं छप्पर, ते लाकडाच्या किंवा बांबूच्या सांगाड्यावर, सांगाडा भिंतीवर अवलंबून नाही. जोत्याला, खिडक्यांच्या वर आणि भिंतीच्या माथ्याला सगळीकडून फिरणारा, कोपऱ्यात घट्ट बांधलेला लाकडाचा किंवा बांबूचा पट्टा. खिडक्या लहान आणि कोपऱ्यांपासून लांब, घर एकमजली. हे माझ्या मनचं नाही, मातीच्या बांधकामासाठी भारतीय मानक आहे, आयएस १३८२७, आणि ते आलं १९९३ सालीच. भूकंपाच्या पट्ट्यात, आणि कोयनेजवळच्यांनी तर विशेष, कारण ११ डिसेंबर १९६७चा तिथला भूकंप विसरून चालणार नाही, हे न वाचता आणि इंजिनिअरला न दाखवता मातीची एकही भिंत उभी करू नये.

आणि तुमच्या घरच्यांना मातीच्या घरात झोप येत नसेल तर तुम्ही सिमेंटचंच बांधा दादा. चांगल्या कॉलम-बीमचं बांधा. झोप लागणं महत्त्वाचं.

प्रश्न : आमच्या शेतातली माती चालेल का हे घरच्या घरी कसं कळेल?
— एक वाचक, आजरा

वरची पिकाची माती नको, फूट-दीड फूट खालची घ्या. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. खाली वाळू बसते, मग गाळ, सगळ्यात वर चिकणमाती. चिकणमाती साधारण १५ ते २५ टक्के हवी. कमी असेल तर भिंत भुसभुशीत, जास्त असेल तर तडे, मग वाळू वाढवायची. काळी माती घेऊच नका, ती पाण्यानं फुगते आणि उन्हात आक्रसते. बरणीनंतर हातभर लांबीची भिंत करून बघा आणि महिनाभर वाळू द्या, त्यात जे कळतं ते बरणीत कळत नाही.

आणि आजऱ्याचा पाऊस लक्षात घेता सगळ्यात महत्त्वाचं, आधी खांब आणि छप्पर, नंतर भिंती. मृग लागायच्या आत छप्पर झालंच पाहिजे, मग भिंती सावलीत निवांत चढवता येतात आणि वळवाच्या पावसानं पळापळ होत नाही. छपराची पाखं भिंतीच्या बाहेर तीन फूट तरी काढा. भिंत खराब होते ती बहुतेक पागोळ्यांच्या शिंतोड्यांनी, खालच्या दीड-दोन फुटांत, वरून पडणारा पाऊस तिथे पोचतच नाही. म्हणून तेवढा भाग दगडाचा. पश्चिमेच्या भिंतीला झड जास्त, तिकडे पडवी काढा नाहीतर जुन्या लोकांसारखे पावसाळ्यापुरते झाप बांधा.

प्रश्न : स्वतःच्या शेतातला बांबू तोडायला परवानगी लागते का? आणि त्याला भुंगा लागतो त्याचं काय?
— एक वाचक, कुडाळ

२०१७ मध्ये वन कायद्यात बदल होऊन बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, त्यामुळे खाजगी जमिनीवरच्या बांबूची पूर्वीची कटकट गेली. तुमच्याकडचा माणगा भरीव आहे, वाशांना छान. पावसाळा संपल्यावर थंडीत तोडा, तीन वर्षांवरचाच घ्या. भुंगा येतो तो आतल्या पिठुळ सत्त्वासाठी, म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि सावलीत वाळवायचा. उघड्या पावसात मात्र हे मीठ धुऊन जातं, बांबू छपराखालीच हवा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. जुन्नरजवळ जमीन आहे, तिथे मातीचं घर बांधून दरवर्षी डिसेंबरमध्ये तीन आठवडे येऊन राहायचा विचार आहे. कॉन्ट्रॅक्टर सुचवाल का?
— एक वाचक

नाही सुचवणार, आणि रागावू नका. मातीचं घर बंद ठेवता येत नाही. सेवाग्रामची बापूकुटी इतकी वर्षं उभी आहे ती तिथे रोज माणसांचा वावर आहे आणि डागडुजी होत असते म्हणून. अकरा महिने कुलूप असेल तर पहिल्याच पावसाळ्यात एखादं कौल सरकणार, ते कुणाला दिसणार नाही, पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरत राहणार आणि डिसेंबरला तुम्ही याल तेव्हा कोपरा बसलेला असेल. वाळवीचंही तेच, लवकर दिसली तर झाडून टाकता येते.

गावात तुमचं कुणी नात्यातलं असेल, त्यांना खरंच घराची गरज असेल, तर घर त्यांच्यासाठी बांधा, त्यांच्या सोयीनं, आणि एक खोली तुमच्या तीन आठवड्यांसाठी ठेवा. कागदपत्रं मात्र आधी नीट करून घ्या, सातबाऱ्यावर कोण आहे, जागा गावठाणात येते की शेतीची आहे, नमुना आठला घर कुणाच्या नावानं लागणार. हे जमत असेल तर परत लिहा, मग जुन्नरकडची माती आणि गवंडी याबद्दल सविस्तर बोलू.