वाऱ्याला ‘धमकावले’ की दटावले?

शरणपूर रोडवरच्या एका वाचकांचा प्रश्न: “मित्राच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला चर्चमध्ये गेलो होतो. वाचनात ‘येशूने वाऱ्याला धमकावले’ असं आलं. धमकावणं हे गुंडांचं काम, ते इथे शोभतं का? आणि वाऱ्याला धमकावणार तरी कसं?”

तुमचा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा, म्हणून तो आधी घेतो.

प्रसंग बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकाच्या, चौथ्या अध्यायातला. गालीलच्या समुद्रात वादळ उठतं. (समुद्र कसला, गोड्या पाण्याचं सरोवर ते, दुसरा शुभवर्तमानकार लूक सरळ सरोवरच म्हणतो.) येशू नावेत उशीवर झोपलेला असतो. शिष्य त्याला उठवतात आणि तो वाऱ्याला... इथे मूळ ग्रीक क्रियापद आहे ‘एपितिमाओ’, म्हणजे कडक ताकीद देणं. हेच क्रियापद मार्कने पहिल्या अध्यायात, कफर्णहूमच्या सभास्थानात एका माणसाला झपाटलेल्या अशुद्ध आत्म्यासाठी वापरलं आहे. पुढे ‘गप्प राहा’ म्हणतानाही दोन्हीकडे धातू एकच, ‘फिमोओ’, म्हणजे मुसकं घालणं. मळणीच्या बैलाला मुसकं घालू नये, हे वचन बायबलमधल्याच, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात येतं, तिथेही हाच धातू. लूक तर शिमोन या शिष्याच्या सासूच्या तापालाही ‘एपितिमाओ’च लावतो. वारा, ताप, भूत, सगळ्यांशी बोलण्याची भाषा एकच, कारण ख्रिस्ती श्रद्धेनुसार ती सगळी एकाच सत्तेखाली येतात.

आता मराठीकडे. धमकीत एक ‘नाहीतर’ दडलेला असतो: पैसे दे, नाहीतर बघून घेईन. ‘धमकावल्याप्रकरणी गुन्हा दाखल’ अशा बातम्या रोज वाचून तो ‘नाहीतर’ आपल्या कानात पक्का बसलाय. येशूच्या बोलण्यात तो नाही. नुसती आज्ञा आहे. ‘दम देणे’लाही तीच अडचण. ‘दरडावणे’ चाललं असतं, पण त्यात आवाज चढतो. मला विचाराल तर ‘दटावणे’. ज्याचा हक्क आहे तोच दटावतो, आणि समोरच्याने ऐकणं गृहीतच असतं.

हक्काचा मुद्दा इथे महत्त्वाचा, कारण मांत्रिक दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने भूत काढतो. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात, स्किवा नावाच्या माणसाचे सात मुलगे येशूचं नाव घेऊन तसंच करायला जातात. भूत त्यांना विचारतं, येशू माहीत आहे, त्याचा प्रचारक पौलही माहीत आहे, पण तुम्ही कोण? आणि मग त्यांना असं बदडतं की ते उघडेनागडे पळतात. नावेतला येशू मात्र कुणाचंच नाव घेत नाही.

वादळ शमल्यावर शिष्य म्हणतात, हा आहे तरी कोण, वारा आणि समुद्रही याचं ऐकतात! ग्रीकमधल्या त्या क्रियापदातही ‘ऐकणे’ दडलेलं आहे, आणि मराठीत ‘ऐकणे’ म्हणजे कानाने ऐकणं आणि मुकाट्याने मानणं, दोन्ही. तिथे ‘आज्ञा पाळतात’ लिहिण्यापेक्षा ‘ऐकतात’च ठेवावं.