कॅम्पिंग आणि शिकार, दोन्हीसाठी न मिटणारा चाकू कोणता घ्यावा?
साधारण ४ इंचांचं पातं, ३ ते ४ मिलिमीटर जाड, एवढं पुरे. मोठं पातं रुबाबदार दिसतं, पण कातडं सोलताना अवघड जातं. आधी मूठ बघा. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं, म्हणजेच फुल टँग. लाकूड फोडताना चाकू बहुधा मुठीपाशीच मोडतो. टोक किंचित खाली उतरलेलं (ड्रॉप पॉइंट) असलं की पोट उघडताना आतडं फुटायची भीती कमी. पाठीवरचे करवतीचे दाते? बहुतेक शोभेचेच. कार्बन स्टीलला दगडावर पटकन धार लागते, पण रक्ताळलेलं पातं तसंच म्यानात सारलंत तर सकाळी डाग दिसतील. पुसून तेल लावायचा कंटाळा असेल तर सरळ स्टेनलेस घ्या.