तळहाताचे ठसे: फी भरण्याआधी महिनाभर घरी करून पाहा

प्रश्न : मुलगी यंदा बारावी (जीवशास्त्र) झाली. तिला ठसेतज्ज्ञ व्हायचंय. एका खासगी संस्थेने सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा सुचवलाय. तळहाताच्या ठशांचं खरंच काही काम असतं का? डिप्लोम्याला पैसे भरू का? – एक पालक, बार्शी

उत्तर : काम आहे आणि ते वाढतंय. घरफोडी करणारा खिडकीच्या चौकटीवर भार देतो, काच ढकलतो, ओट्यावर हात टेकतो. तिथे तळहातच उमटतो. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर अख्ख्या हाताचाच ठसा घेतला होता. तरी कैद्यांच्या ओळखीसाठीच्या १९२०च्या कायद्यात फक्त बोटं आणि पाऊल आलं. तळहात स्पष्टपणे आला तो २०२२च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात.

डिप्लोम्याला पैसे भरू नका. आधी विज्ञानाची पदवी हवी. मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथल्या शासकीय न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक) संस्थांत बी.एस्सी. करता येतं, राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं केंद्र गोव्यातही आहे. एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीत नसते : महाराष्ट्रात अंगुलिमुद्रा (म्हणजे बोटांच्या ठशांचं) केंद्र सीआयडीच्या अखत्यारीत येतं, फॉरेन्सिक प्रयोगशाळा वेगळ्या. त्यामुळे दोन्हीकडच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. सेवेत आल्यावर केंद्रीय अंगुलिमुद्रा केंद्राची अखिल भारतीय परीक्षा असते. ‘तज्ज्ञ’ म्हणून ओळख तिथून मिळते.

पण त्याआधी मुलीचा पिंड या कामाचा आहे का, ते पाहा. छपाईची काळी शाई काचेवर रबरी रोलरने अगदी पातळ पसरा आणि रोलरनेच घरातल्या प्रत्येकाच्या दोन्ही हातांना लावा. सात-आठ सेंटिमीटर व्यासाच्या पाइपवर कागद गुंडाळून मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत हात फिरवा. सपाट टेबलावर घेतलात तर मधला खोलगट भाग कोराच राहतो. शाई जास्त झाली तर कातडीवरच्या बारीक उंच रेषांमधल्या फटी भरून नुसता डाग उमटतो. दाब जास्त झाला तर रेषा पसरतात. करंगळीखालची कड, म्हणजे लिहिताना कागदावर टेकते ती बाजू, वेगळी घ्या.

मग घरातल्या कुणालाही तेलकट कपाळावरून तळहात फिरवून काचेवर त्याचा जेमतेम दोन बोटं रुंद भाग टेकवायला सांगा. मऊ ब्रशने टाल्कम पावडर फिरवा, पारदर्शक चिकटपट्टीने ठसा उचलून काळ्या कार्डावर लावा. आता शाईच्या ठशांशी ताडून तिने ओळखायचं : हात कोणाचा, डावा की उजवा, भाग कोणता आणि वरची बाजू कुठली? बोटांच्या मुळाशी रेषांचे त्रिकोणी संगम दिसतात, अंगठ्याच्या उंचवट्यावर रेषा अंगठ्याला वळसा घालतात, करंगळीकडे त्या तिरप्या कडेला उतरतात. खरा वेळ ही दिशा ठरवण्यातच जातो. ती चुकली की पुढची सगळी तुलना वाया. हस्तरेषा म्हणून आपण पाहतो त्या घड्या दिशा समजायला उपयोगी पडतात, पण ओळख पटते ती बारीक रेषा कुठे संपतात, कुठे फुटतात आणि त्या जागांचा एकमेकींशी क्रम कसा आहे, यावरून. इथे नवशिके हमखास फसतात : पावडरच्या ठशात रेषा पांढऱ्या, शाईत काळ्या. काळ्याशी काळं जुळवलं की रेषेऐवजी फट जुळवली जाते.

रोज तासभर भिंगाखाली बसूनही ती कंटाळत नसेल आणि ठसा अपुरा असेल तेव्हा ‘सांगता येत नाही’ असं लिहायला कचरत नसेल, तर तिला जरूर या क्षेत्रात पाठवा. चुकीचा ‘जुळतो’ निर्दोष माणसाला तुरुंगात धाडू शकतो. तास तिला जड जात असेल, तर त्याच पदवीतून रसायन किंवा डीएनए विभागाचीही वाट मोकळी असते.