लॅटिफुंडियाला ‘खोती’ म्हणावे का?

रोमच्या इतिहासाचे मराठीत भाषांतर करणाऱ्या रत्नागिरीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘लॅटिफुंडिया’ला, म्हणजे प्राचीन रोममधल्या श्रीमंतांच्या अफाट शेतीला, ‘खोती’ म्हटले तर चालेल का? अफाट जमीन, मालक एक, राबणारे दुसरेच. आमच्या कोकणात हेच तर होते, असे त्यांचे म्हणणे.

सकृद्दर्शनी पटते. तरी तो शब्द तिथे घालू नका.

आधी मूळ शब्द बघू. लॅटिनमध्ये ‘लातुस’ म्हणजे रुंद, ऐसपैस, आणि ‘फुंदुस’ म्हणजे शेतजमीन. फुंदुसचा दुसरा अर्थ तळ, बूड. संस्कृतातला ‘बुध्न’ त्याचा भाऊबंद. थोडक्यात, ऐसपैस शेती. पण नुसत्या आकाराने काम भागत नाही. रोमने लढाया जिंकल्या, युद्धकैदी गुलाम म्हणून इटलीत आले आणि श्रीमंतांनी त्यांच्याकरवी द्राक्षे, ऑलिव्ह, गुरे अशी विक्रीसाठीची शेती मोठ्या प्रमाणावर सुरू केली. लहान शेतकरी मागे पडला. इ.स.पू. 133 मध्ये तिबेरिउस ग्राक्कुस या रोमन लोकप्रतिनिधीने सरकारी जमीन एकाने 500 युगेरांहून जास्त धरू नये, ही मर्यादा अमलात आणायचा प्रयत्न केला. युगेर म्हणजे बैलजोडी एका दिवसात नांगरील तेवढी जमीन. ‘युगुम’ म्हणजे जू; आपले ‘जू’ संस्कृत ‘युगा’वरून आले आणि तो शब्द नि युगुम एकाच मुळाचे. आपल्या हिशेबात एक युगेर जवळजवळ 25 गुंठे होतो. म्हणजे ज्या मर्यादेवरून रोममध्ये रक्त सांडले, ती सुमारे 312 एकरांची होती! पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवले की लॅटिफुंडियांनी इटलीचा नाश केला. सम्राट नीरोने सहा मालकांना मारले, तेव्हा रोमच्या आफ्रिका प्रांताची निम्मी जमीन त्या सहा जणांची होती, हेही तोच सांगतो.

आता खोती. खोत हा मुळात गावच्या वसुलाचा धनी. सरकारात सारा भरायची जबाबदारी त्याची आणि कुळांकडून वसूल करायचा हक्कही त्याचाच. त्याची स्वतःची खासगी जमीन असे, पण गाव म्हणजे त्याचे एक सलग शेत नव्हते. कूळ आपल्या खाचरात आपल्या जोताने नांगरी, आपले बी पेरी, आवण, म्हणजे भाताची रोपे, काढून लावणी करी, आणि भात खळ्यावर आले की खोताचा वाटा बाजूला निघे. अर्धा वाटा द्यायचा तर अर्धेल, तिसरा द्यायचा तर तिर्धेल. हे शब्दच सांगतात की पिकाचे दोन वाटेकरी होते. लॅटिफुंडियातल्या गुलामाला वाटा कसला? नांगर मालकाचा, बैल मालकाचे आणि तो स्वतःही मालकाचाच. त्याच्यावर देखरेख करणारा ‘विलिकुस’देखील बहुधा गुलामच असे.

खोतीचा जाच कमी होता, असे मी मुळीच म्हणत नाही. आठ दिवसांतून एक दिवस खोताकडे फुकट राबायचे, त्याला ‘अठवेठ’ म्हणत. दोन्ही व्यवस्था एकमेकींच्या सगळ्यांत जवळ येतात त्या इथे. पण वेठीला जाणारा माणूस संध्याकाळी स्वतःच्या घरी परतत होता. म्हणूनच अलिबागजवळच्या चरीला कुळांना संप करता आला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून 1939 पर्यंत त्यांनी खोतांची जमीन कसलीच नाही. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि 1949 च्या कायद्याने ती गेली. रोमच्या गुलामाला असा संप शक्य नव्हता. त्याच्यापुढे पळून जाणे किंवा गुलामांच्या बंडाचा पुढारी स्पार्टाकुस याच्यासारखे शस्त्र उचलणे, एवढेच उरत होते. ‘खोती’ लिहिलेत की वाचकाच्या डोळ्यांसमोर कूळ, खळे नि वाटा उभे राहणार, आणि गुलामगिरी, म्हणजे त्या शब्दाचा गाभाच, दिसेनासा होणार.

‘मळा’ही सुचवला जातो, चहाच्या मळ्याच्या धर्तीवर. पण देशावर मळा म्हणजे विहिरीच्या पाण्याची बागायत, आणि कोकणात मळे म्हणजे सखल भागातली भातखाचरे. तुमचे वाचक कोकणातलेही असणार, त्यांचा गोंधळ कशाला? ‘आगर’ तर नारळ-पोफळीचे किंवा मिठाचे. या आपल्या शब्दांत आकार नाहीच. पाणी कुठून येते आणि पिकते काय, हे त्यांत आहे. जिथे चार गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर वीस सामायिक नावे असतात, त्या मुलखाने शेकडो एकरांच्या सलग शेतीला वेगळा शब्द घडवला नाही, यात नवल नाही.

गंमत म्हणजे तसल्या इस्टेटीचा एक परका शब्द मात्र आपल्या किनाऱ्यावर कधीच येऊन राहिला आहे. मुंबईच्या जुन्या जमिनींच्या कागदांत ‘फजिंदारी’ आढळते. ती पोर्तुगीज ‘फझेंदा’वरून आली, आणि ब्राझीलमध्ये मोठ्या शेतीला आजही फझेंदाच म्हणतात. स्पॅनिश ‘हासिएंदा’ही त्याच लॅटिन मुळाचा. पण मुंबईत फजिंदारी हा जमीनधारणेचा एक प्रकार होऊन बसला, तेव्हा तोही तुमच्या कामाचा नाही.

माझा सल्ला असा: रोमच्या संदर्भात लॅटिन शब्दच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘गुलामांकरवी कसली जाणारी विस्तीर्ण खासगी शेती’ असा खुलासा करा. स्पेन किंवा दक्षिण अमेरिकेबद्दल लिहिताना ‘बड्या जमीनदारांची शेती’ पुरेसे आहे. तिथे गुलाम असतीलच असे नाही. वचनाकडे तेवढे लक्ष असू द्या. एक असेल तर लॅटिफुंडियम, अनेक असतील तर लॅटिफुंडिया. लॅटिनमध्ये तो नपुंसकलिंगी आहे आणि आपले ‘शेत’ही, त्यामुळे ‘ते लॅटिफुंडियम, ती लॅटिफुंडिया’ हे ‘ते शेत, ती शेते’ इतके सहज बसते. ‘लॅटिफुंडियाज’ मात्र कुठेही नको.