वाचक विचारतात : वामनराव एक, फाइली तीन

प्रश्न : मुलगी बीएस्सी नर्सिंग झाली. आता हेल्थ इन्फॉर्मेटिक्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं म्हणते. शेवटी संगणकावर नोंदीच भरायच्या, तर त्यासाठी दोन वर्षं कशाला?
— एक पालक, खानापूर

उत्तर : नोंदी भरायला दोन वर्षं नक्कीच लागत नाहीत. भरलेल्या नोंदींवर कितपत विसंबायचं, हे कळायला लागतात.

आपल्याच भागातलं बघा. इंग्रजीत वामन कुणी व्हीनं लिहितं, कुणी डब्ल्यूनं. पत्त्यात एकीकडे बेळगाव, दुसरीकडे बेळगावी. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची, म्हणजे बहुधा १ जून. मोबाइल नंबर मुलाचा, तोच घरातल्या चौघांच्या केसपेपरवर. वामनराव एक, फाइली तीन.

अशा फाइली जुळवणं हे शिकण्यासारखं कौशल्य आहे. आधी गावांची नावं एकसारखी करायची, मग जन्मवर्षाप्रमाणे गट पाडून फक्त गटातल्या गटात तुलना करायची. प्रत्येक जुळणीला गुण द्यायचे. सामायिक मोबाइलला कमी आणि १ जूनला जवळजवळ शून्य, कारण ती तारीख निम्म्या वर्गाची असते. नावासाठी साउंडेक्स ही उच्चारावरून नावं जुळवणारी जुनी इंग्रजी पद्धत वापरली तर सविता लिहिताना टीपुढे एच लावला काय, न लावला काय, दोन्ही एकच धरले जातात. पण पहिलं अक्षर ती तसंच ठेवत असल्यानं व्हीचा वामन आणि डब्ल्यूचा वामन वेगळे पडतात. म्हणून व्ही-डब्ल्यू आधीच एक करून घ्यायचे. भरपूर गुण मिळाले तर एकच माणूस, अगदी कमी मिळाले तर वेगळे. मधल्या जोड्या मात्र माणसानंच केसपेपर काढून तपासायच्या. शंका असेल तर फाइली वेगळ्याच राहू द्याव्यात. त्यानं बहुधा एखादी चाचणी दोनदा होईल. चुकून दोघांची एक फाइल झाली, तर एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर चढेल. आणि एकत्र केलेली फाइल पुन्हा सोडवता यावी म्हणून जुने नंबर पुसायचे नाहीत.

दुसरी गोष्ट कोडिंगची, म्हणजे प्रत्येक आजाराला ठरलेला कोड देण्याची. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत टाइप २ मधुमेहाचा कोड ई११. डॉक्टरांनी नुसतं ‘डीएम’ (डायबेटिस मेलिटस, म्हणजे मधुमेह) लिहिलं असेल तर ई१४, म्हणजे प्रकार न सांगितलेला मधुमेह. अंदाजानं ई११ टाकू नये, डॉक्टरांना विचारावं. एककांचंही तसंच. रक्तातलं ग्लुकोज लिटरला ७ मिलिमोल म्हणजे डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम. एकक न बघता आकडे एका रकान्यात ओतले की सगळी सरासरी फसते.

प्रवेशापूर्वी अभ्यासक्रम बघा. एसक्यूएल ही डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, संख्याशास्त्र, फायर (माहितीच्या देवाणघेवाणीसाठी) आणि स्नोमेड (वैद्यकीय संज्ञांसाठी) ही मानकं, आणि खऱ्या रुग्णालयातला प्रकल्प, एवढं त्यात असावं. नुसतं व्यवस्थापन असेल तर पैसे वाचवा.

प्रश्न : रुग्णांची नावं खोडून यादी अभ्यासासाठी बाहेर दिली तर चालेल ना?
— रेकॉर्ड रूम कर्मचारी, निपाणी

उत्तर : नाव गेलं तरी ‘वय ३४, स्त्री, अमुक वाडी, दुर्मीळ आजार’ एवढ्यावरून अख्खी वाडी बाई ओळखते. वयाऐवजी दहा वर्षांचा गट द्या, गावाऐवजी तालुका, तारखेऐवजी महिना. एवढं करूनही एखाद्या गटात पाचपेक्षा कमी माणसं उरली, तर तो दुसऱ्या गटात मिसळा किंवा गाळा. रुग्णाचा खरा फाइल नंबर आणि यादीत दिलेला वेगळा नंबर यांची जुळणी वेगळ्या कुलपात ठेवा. यादी कुणी, कधी, कशासाठी नेली याची नोंद ठेवा. पेन ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲप नकोच. ब्रिटनमध्ये रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेवरच्या १९९७ च्या कॅल्डिकॉट अहवालानं गरजेपुरतीच माहिती द्यायचं तत्त्व घालून दिलं. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. माहितीच्या सुरक्षिततेत हयगय झाली तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि यादी देण्याचा निर्णय तुमचा एकट्याचा नाही. रुग्णालयाची लेखी परवानगी आणि नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय कपाट उघडू नका.