सेंट्रल लाइन: टोक नेमकं कुठे आहे?

सेंट्रल लाइन म्हणजे मानेतून किंवा गळपट्टीच्या हाडाखालून मोठ्या शिरेत, हृदयाजवळपर्यंत सरकवलेली नळी. ती एक्स-रेशिवाय बरोबर जागी बसली हे कसं ओळखायचं, हा प्रश्न नातेवाईक आणि शिकाऊ डॉक्टर दोघांकडूनही सतत येतो.

प्रश्न (सिन्नर): वडिलांच्या हाताला सलाइन आहे, मग मानेत वेगळी नळी कशाला?

उत्तर: रक्तदाब टिकवणारी नॉरअॅड्रिनॅलिनसारखी औषधं हाताच्या शिरेबाहेर झिरपली तर कातडी काळी पडू शकते, म्हणून.

प्रश्न (शिकाऊ डॉक्टर, नाशिकरोड): आमच्याकडे नळी सगळ्यांना १५ सेंमी ठेवतात. चालेल?

उत्तर: नाही. आधी रुग्णाची उंची मोजा. केसपेपरवर तो रकाना बहुतेकदा कोराच असतो, आणि शिंप्याची टेपसुद्धा पुरते. पेरेस या डॉक्टरांनी १९९० मध्ये नळी किती आत ठेवायची याचं दिलेलं गणित असं: उजव्या मानेतून उंचीचा दहावा भाग, उजव्या गळपट्टीखालून त्यापेक्षा दोन सेंमी कमी. म्हणजे १५० सेंमी उंचीच्या बाईंना १५ आणि १३. तरी हा अंदाजच. सुई मानेत वर टोचली की खाली, यावर आकडा बदलतो. नळीवरच्या खुणा वाचा. मुळापर्यंत ढकलून टाके घालायची सवय सोडा; उरलेला भाग बाहेर बसवायला क्लिप असते. टोक हृदयात खोल गेलं तर ठोके चुकतात, क्वचित भिंतीला भोक पडून रक्त साठतं आणि जीव जातो.

त्यानंतर ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख. नळीतली तार किंवा नळीत भरलेलं सलाइन मॉनिटरला जोडलं की टोक महाशिरेतून (हृदयात उघडणाऱ्या मोठ्या शिरेतून) खाली सरकताना पी लहर, म्हणजे आलेखातली प्रत्येक ठोक्याची पहिली छोटी लहर, उंचावत जाते. उजव्या कर्णिकेच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) तोंडाशी ती सर्वांत उंच असते. आत गेलं की लहरीच्या सुरुवातीला खाली खोच दिसते. ती नाहीशी होईपर्यंत मागे घ्या. एट्रियल फिब्रिलेशन (कर्णिकेचे ठोके अनियमित थरथरणं) असेल तर पी लहरच नसते, तिथे या खुणेवर भिस्त नको. नळी शिरेत आहे की धमनीत, हे दाब मोजूनच ठरवा. आणि पहिल्या काही वेळा वरिष्ठ शेजारी हवेतच.

प्रश्न (रुग्णालय चालक, सातपूर): कंपनीचा माणूस म्हणतो, त्यांचा ईसीजी संच घेतला की एक्स-रे नको.

उत्तर: विक्रीची भाषा आहे. ईसीजी टोक दाखवतो. फुप्फुसाला सुई लागून छातीत हवा साठली तर ती दाखवत नाही. त्यासाठी छातीची सोनोग्राफी किंवा एक्स-रे हवाच. पण रुग्ण शॉकमध्ये (रक्तदाब घातक पातळीवर घसरलेला) असताना एक्स-रे फिल्मची वाट बघत औषध अडवून ठेवणंही चूक. रक्त मागे येतंय, दाब शिरेचाच आहे, हे पाहून वरिष्ठांना विचारा आणि सुरू करा.

प्रश्न (निफाड): मानेत नळी घातली की माणूस वाचत नाही म्हणतात.

उत्तर: ऐकीव गोष्ट. माणूस अत्यवस्थ असतो म्हणून नळी घालतात. तुम्ही डॉक्टरांना रोज एकच विचारा: ही अजून लागते का? विनाकारण राहिलेली नळी जंतुसंसर्गाचं दार उघडं ठेवते.

प्रश्न (पंचवटी): डिस्चार्जनंतर घरी कंपाउंडर नळी काढेल का?

उत्तर: मुळीच नाही. काढताना शिरेत हवा शिरू शकते. रुग्णालयातच, आडवं झोपवून.