शेतावर दोन टिपाडं डिझेल ठेवून ट्रॅक्टरमध्ये भरायची सुरक्षित सोय कशी करावी?

पंप 18 किलोमीटरवर आणि पेरणीच्या गडबडीत रोज तिकडे जाणं परवडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग ठेवा की. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेल ‘ब’ वर्गात येतं. एका जागी एकूण 2500 लिटरपर्यंत आणि कुठलंही भांडं 1000 लिटरपेक्षा मोठं नसेल, तर परवाना लागत नाही. दोन टिपाडं म्हणजे 400 लिटर. पेट्रोलचा हिशोब मात्र वेगळा, तिथं मर्यादा फक्त 30 लिटरची.

आमच्या मराठवाड्यात एक समज घट्ट बसलाय: डिझेलला काडी लावली तरी पेटत नाही. थंडीत ते बऱ्याच अंशी खरंही असतं. पण आपल्याकडच्या मानकानुसार डिझेलचा ज्वलनबिंदू (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो) किमान 35 अंश असला की चालतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. तेव्हा टिपाड पत्र्याखाली नको, झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत ठेवा. कडब्याची गंजी, मोटरची स्टार्टर पेटी आणि विहीर, तिन्हींपासून लांब. विहिरीचं लोक विसरतात. थोडंसं डिझेल झिरपलं तरी पाण्याला महिनोन्‌महिने वास येतो. खाली सिमेंटचा कोबा करून कडेनं वीतभर उंचीचा कठडा बांधा, म्हणजे एखादं टिपाड फुटलं तरी डिझेल आतच राहील.

टिपाड आडवं टाकून खाली तोटी बसवायची पद्धत सगळीकडे दिसते. मला ती पटत नाही. रात्री तोटी गळली तर सकाळी टिपाड रिकामं. टिपाड उभं ठेवा, वरून हाताने फिरवायचा रोटरी पंप बसवा आणि त्याची नळी तळापासून दोन-तीन इंच वर राहू द्या. पाणी, गाळ तळाशीच राहतो, ट्रॅक्टरच्या इंजिनातल्या नोझल पंप आणि इंजेक्टरचा खर्च वाचतो. गच्च भरू नका. ऊन तापलं की 200 लिटरमागे तीनेक लिटर डिझेल फुगतं. गॅल्वनाइज्ड टाकी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, तिच्यातल्या जस्ताशी डिझेलची रासायनिक क्रिया होते आणि फिल्टर चोंदतात.

ट्रॅक्टर बंद करून, सायलेन्सर निवल्यावरच भरा. डिझेल साधारण 210 ते 250 अंशांना ठिणगीशिवायही पेट घेतं, आणि नांगरटीवरून आलेल्या ट्रॅक्टरचा एक्झॉस्ट त्याहून गरम असतो. भरताना नळीचं नोझल ट्रॅक्टरच्या टाकीच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी उडत नाही. सहा किलोचं एबीसी (घन, द्रव आणि वायूच्या आगीवर चालणाऱ्या) पावडरचं अग्निशामक नळकांडं दहा-पंधरा पावलांवर टांगा. टिपाडावरच टांगलं तर आग लागल्यावर घ्यायला जाणार कोण? पाणी मारू नका, डिझेल पाण्यावर तरंगत पुढे पसरतं.

माझ्या मते भरलेल्या टिपाडापेक्षा रिकामं जास्त घातक. आत वाफ साठलेली असते. असं टिपाड कापून हौद किंवा चूल करायला लोक वेल्डिंगवाल्याकडे नेतात आणि ग्राइंडर लावताच स्फोट होतो. तसंच, पेट्रोलचं जुनं टिपाड डिझेलसाठी वापरू नका. तळाला उरलेल्या थोड्याशा पेट्रोलची वाफ पेटायला एक ठिणगी पुरते.

आणि नळी तोंडाने ओढून डिझेल काढायची सवय आजच बंद करा. घोटभर श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसं सुजतात. कुणाच्या पोटात गेलंच, तर उलटी करवू नका, उलटताना ते पुन्हा फुप्फुसात जातं. सरळ दवाखाना गाठा.